विषय क्रमांक नऊ: घरकुलांची सोडत

बावीस वर्षं मी एका नगरपरिषदेत सभांची इतिवृत्तं लिहिली. सभेत कोण काय बोललं, ठराव कुणी मांडला, अनुमोदन कुणी दिलं, शेवटी काय ठरलं, हे सगळं रजिस्टरमध्ये उतरवायचं आणि पुढच्या सभेत वाचून कायम करून घ्यायचं, हे माझं काम. त्या रजिस्टरांची थप्पी माझ्या खांद्यापर्यंत येईल. तिच्यात माझं स्वतःचं म्हणावं असं एक वाक्य सापडायचं नाही. एकदा घातलं होतं, ते मीच खोडलं. ती गोष्ट मी आजवर एकाच माणसाला सांगितली आहे, आणि तीही फार उशिरा.

गावाचं नाव सांगत नाही. लातूरहून नांदेडला निघालं की मध्ये जी गावं लागतात, त्यांतलंच एक. माझं घर लातूरला, मुलगी नांदेडला आणि नोकरी अधेमधे, त्यामुळे माझं निम्मं आयुष्य एसटीच्या खिडकीशी गेलं. बायको होती तोवर रोज जाऊन-येऊन करायचो. ती गेली आणि लातूरच्या घरी दार उघडायला कोणी उरलं नाही. मग रोजची धावपळ कुणासाठी, म्हणून गावातच खत-बियाण्याच्या दुकानावर एक खोली घेतली. खोलीत पंखा होता, खिडकी होती आणि खालून वर येणारा खताचा वास होता. शनिवारी लातूरला जाऊन घर झाडायचं, रविवारी परतायचं. महिन्यातून एकदा नांदेडला, विष्णुपुरीत मुलीकडं. जावई भला माणूस आहे, पण त्या घरात मी पाहुणाच. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर सगळे माझ्या पिशवीकडं बघायला लागतात, किंवा मला तसं वाटतं.

सभा म्हणजे काय असतं ते बाहेरच्याला सांगून पटत नाही. विषयपत्रिकेवर नाल्या, पथदिवे, घरकुलं, खुल्या जागेला कुंपण असे साधे विषय असायचे, पण सदस्य टेबल बडवायचे, माईक ओढायचे, अध्यक्षांसमोर येऊन फरशीवर बसायचे. एकदा एकानं दुसऱ्याच्या अंगावर पाण्याचा ग्लास भिरकावला. नेम चुकला आणि पाणी माझ्या रजिस्टरवर सांडलं. त्या ओल्या पानावर मी लिहिलं, ‘सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते ठरले की’. या एका ओळीखाली मी किती भांडणं पुरली असतील ते देवालाच माहीत.

खरं तर निम्म्याहून अधिक इतिवृत्त सभेच्या आधीच तयार असायचं. लग्नपत्रिकेसारखा ठरलेला मजकूर, नावं तेवढी बदलायची. एखादा विषय मागं तहकूब झालेला असेल आणि पुन्हा आला, तर मागच्या चर्चेचा परिच्छेद उचलून नव्या पानावर घ्यायचा. आमच्यात सगळेच असं करत. ही लबाडी आहे असं कुणाला वाटत नसे, मलाही नाही.

सभागृहात मी अध्यक्षांच्या डाव्या हाताला, थोडा मागं बसायचो. तिथं बसून मी एकदाही तोंड उघडलं नाही, कारण लिहिणाऱ्यानं उघडायचंच नसतं. सुरुवातीला त्याचा त्रास झाला, मग सवय झाली, आणि मग ती सवय माझ्याबरोबर घरी आली. बायको म्हणायची, “तुम्हाला काही विचारलं की तुम्ही उत्तर देत नाही, नोंद घेता.” मी हसायचो. ती गेल्यावर कळलं की ते विनोदानं म्हटलेलं नव्हतं.

ती गेल्यावर जेवणाचा प्रश्न आला, आणि त्यातून मला मावशी भेटली. गावाच्या मधून एक नाला जातो. त्याच्या काठानं पत्र्याची चाळीसेक घरं होती. तिथं ही मावशी भाकरी करून विकायची. वय सत्तरीच्या पुढं, नवरा जाऊन कैक वर्षं झालेली, एकुलती लेक औशाकडं दिलेली आणि तिचं येणं सणापुरतं. काचबिंदूनं मावशीची नजर गेली होती. उजेड कळायचा, समोर माणूस उभा आहे एवढं कळायचं, बाकी सगळा अंदाज.

भाकरी थापायला डोळे लागत नाहीत, पण भाजायला लागतात. म्हणून भाजायचं काम शेजारीण करायची. दोघींच्या घरांमध्ये एकच पत्रा होता. त्या पत्र्याला त्यांनी, बसल्या माणसाचा हात जाईल अशा उंचीवर, परातीएवढं भोक पाडून घेतलं होतं आणि कडेला हात कापू नये म्हणून सायकलची जुनी ट्यूब चिरून बसवली होती. मावशी अलीकडं थापायची आणि भाकरी पंजावर घेऊन त्या भोकातून पलीकडं द्यायची. पलीकडं शेजारणीचा पंजा तयार असायचा. ती तव्यावर टाकायची, पाणी फिरवायची, उलटायची, निखाऱ्यावर फुगवायची. हजारो भाकरी अशा हातावरून हातावर गेल्या असतील. एक पडलेली मी पाहिली नाही.

शेजारीण पन्नाशीची, देगलूरकडची. आवाज खणखणीत, आणि संताप आला की मराठी सोडून तेलुगूत शिरायची. दोघी सकाळपासून भांडायच्या.

“म्हातारे, हे काय थापलंय? भाकर हाय का जिल्ह्याचा नकाशा?”

“तू आदी जाळ कमी कर. माझ्या भाकरीचा कोळसा करायलीस.”

मी संध्याकाळी जाऊन तिथंच पालथ्या डब्यावर बसायचो आणि तीन भाकरी खायचो, पिठलं असेल तर पिठलं, नाहीतर ठेचा. खोलीवर नेता आलं असतं. पण खोलीवर जेवताना मला माझाच चावल्याचा आवाज ऐकू यायचा. इथं या दोघींच्या भांडणात तो बुडून जायचा. दिवसभरात कुणी माझ्याशी कामाशिवाय बोललं तर ते इथंच.

ही वस्ती नाल्याच्या हद्दीत होती आणि पावसाळ्यात घरात पाणी शिरायचं. बायपासच्या पलीकडं घरकुल योजनेत तळमजला अधिक तीन मजले अशा तीन इमारती उभ्या राहिल्या. वस्ती तिथं जाणार होती. हे आधीच सांगून टाकतो, वस्तीला जायचं होतं. गुडघाभर पाण्यात चूल पेटवणाऱ्याला पक्कं घर नको असतं असं फक्त लांबून बघणाऱ्याला वाटतं. प्रश्न एवढाच होता की कोणाला कोणतं घर.

सभेत हा विषय पहिल्यांदा आला तेव्हा वस्तीतून निवडून आलेली एक सदस्या उठली. ती क्वचितच बोलायची. म्हणाली, “चिठ्ठ्या काढू नका. जे जसं राह्यलेत तसं त्यायला द्या. गल्लीच्या गल्ली उचला आन् तिथं नेऊन ठेवा. आमच्या बाया एकमेकीच्या आधारानं जगतेत, सायेब.” अध्यक्ष म्हणाले, आधी सर्वेक्षण होऊ द्या, आणि विषय तहकूब झाला. मी तिचं बोलणं माझ्या भाषेत उतरवलं: ‘लाभार्थ्यांना सोडत न काढता त्यांच्या सध्याच्या शेजाराप्रमाणे सदनिका देण्यात याव्यात, असे मत व्यक्त झाले.’

पुढं सदस्यांची मुदत संपली आणि निवडणूक लागली नाही. मुख्याधिकारी हेच प्रशासक झाले. म्हणजे सदस्यांचे, समितीचे, सभेचे सगळे अधिकार एका माणसाकडं. त्यांनी सही केली की सभेनं ठराव केला असं समजायचं. रजिस्टरात सूचक आणि अनुमोदक असे दोन रकाने असायचे. तिथं आता मी आडवी रेघ मारू लागलो.

त्या राजवटीतल्या पहिल्या सभेला मी सवयीनं सभागृह उघडलं, रजिस्टर घेतलं आणि माझ्या जागेवर जाऊन बसलो. समोर सगळ्या खुर्च्या रिकाम्या. पंधरा-वीस मिनिटांनी शिपाई मला शोधत आला. “आवो, हितं काय बसलात? सभा तिकडं सायबाच्या टेबलावर हाय.” ऑफिसात यावर पुष्कळ दिवस टिंगल चालली. मीही हसून साजरं केलं. पण त्या पंधरा-वीस मिनिटांत मला त्या टेबल बडवणाऱ्या माणसांची इतकी आठवण आली होती की माझं मलाच नवल वाटलं.

साहेब तरुण होते, नम्र होते आणि प्रत्येक कागद वाचायचे. वाचणारा अधिकारी मी फार वर्षांनी बघत होतो.

घरकुलाचा विषय पुन्हा विषयपत्रिकेवर आला, नवव्या क्रमांकावर. बातमी वस्तीत आधीच पोचली होती. त्या संध्याकाळी मावशीनं परात बाजूला सारली.

“भाऊ, तुमी तर तिथंच बसता. मोठं काय मागत न्हाई मी. आमच्या दोघीची घरं एका भिंतीला यावीत, एवढं सायबाच्या कानावर घाला.”

भोकातून शेजारणीचा आवाज आला, “हिला भाजता येत न्हाई आन् मला हिच्यासारखं थापता येत न्हाई. असं सांगा. आन् लई भांडतेत तेबी सांगा, म्हंजे खरं वाटंल.”

मी म्हणालो, “बघतो.”

सरकारी माणसाच्या ‘बघतो’मध्ये किती दम असतो ते मला ठाऊक होतं. त्या दोघींना नव्हतं. त्या दिवशी मावशीनं मला चौथी भाकरी आग्रहानं वाढली आणि मी ती खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीप्रमाणे इतिवृत्ताचा मसुदा आधीच करायला घेतला. विषय तहकूब होऊन आलेला, म्हणून जुन्या सभेतला परिच्छेद काढला. ‘शेजाराप्रमाणे सदनिका देण्यात याव्यात’ या वाक्याशी येऊन थांबलो. आता सभेत सदस्यच नाहीत, मग मत व्यक्त केलं कुणी? हे मला तेव्हाच सुचलं होतं, चांगलं स्वच्छ सुचलं होतं. तरी मी ते वाक्य लिहिलं. वाटलं, नऊ विषयांच्या गर्दीत ते निसटून जाईल, खाली सही होईल, आणि सही झाली की तोच ठराव. कुणापुढं उभं न राहता, कुणाला काही न सांगता काम होईल. मला जमण्यासारखा मार्ग तेवढाच होता.

सभा साहेबांच्या दालनात झाली. सभा म्हणजे टेबलाच्या पलीकडं ते आणि अलीकडं मी. आठ विषयांवर त्यांनी सह्या केल्या. नवव्याला पेन थांबलं.

“हे मत कोणाचं?”

मी रजिस्टर माझ्याकडं ओढून पान बघितल्यासारखं केलं.

“सोडत काढा असं योजनेच्या सूचनांत आहे, म्हणजे वशिल्याला जागा राहत नाही,” ते म्हणाले. “पण ही सूचनाही वाईट नाही. वस्तीचा अर्ज आला असेल तर जोडा, त्यावर वर विचारून बघता येईल. असं निनावी मत मात्र कसं घेणार? अर्ज आहे का?”

“नाही साहेब.”

“मग तुमचं काही म्हणणं आहे का? तुम्ही इतकी वर्षं इथं आहात. सांगा की.”

बावीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. निवृत्तीला आठ महिने राहिले होते आणि माझी पेन्शनची कागदपत्रं याच टेबलावरून पुढं जायची होती. पण तेवढंच कारण होतं असं म्हटलं तर मी स्वतःला सोडून देतोय. साहेब मला खाणार नव्हते. एक वाक्य बोलायचं होतं. वस्तीत एक आंधळी बाई आहे, तिचा शेजार तुटला तर तिचं जगणं तुटेल. एवढंच. ते वाक्य तोंडात तयार होतं, आणि मला ते बाहेर काढता आलं नाही.

“नाही साहेब,” मी म्हणालो. “जुन्या सभेतलं चुकून आलं.”

“मग काढून टाका.”

मी पट्टी ठेवून वाक्य खोडलं. खोडल्याच्या शेजारी त्यांनी छोटी सही केली, मीही केली. खाडाखोड नियमात बसली.

साहेबांना दोष देता आला असता तर माझे पुढचे महिने बरे गेले असते. तशीही सोय नव्हती. आणि सोडतीला अजून आठ दिवस होते. वस्तीत जाऊन मला एवढंच सांगायचं होतं की अर्ज लिहा, सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्या आणि उद्याच्या उद्या साहेबांच्या टेबलावर ठेवा. अर्ज मीच लिहून दिला असता. त्या गावात माझ्याइतका चांगला अर्ज लिहिणारा दुसरा कोण होता? पण साहेबांनी विचारलं असतं, यांना हे कुणी सांगितलं? आणि त्यांना आठवलं असतं की याच माणसानं ‘चुकून आलं’ म्हणून खोडलं होतं. एका खोट्यासाठी आता आठ दिवस गप्प बसणं आलं. मी रोज संध्याकाळी गेलो, डब्यावर बसलो, जेवलो आणि परत आलो.

मावशीनं विचारलं, “घातलं का कानावर?”

“झालं बोलणं,” मी म्हणालो.

बोलणं झालंच होतं. शब्दांत न सापडण्याचं काम मी आयुष्यभर करत आलो होतो.

सोडत सभागृहात झाली. कितीतरी दिवसांनी तिथल्या खुर्च्या भरल्या. बायका मुलांना मांडीवर घेऊन खाली बसल्या, मागं माणसं भिंतीला टेकून उभी राहिली. म्हाताऱ्यांना तळमजला आधी वाटून द्यायचा असं ठरलेलं होतं, त्यामुळे मावशीला पहिल्या इमारतीत तळमजल्याचं घर मिळालं. उरलेल्यांसाठी काचेच्या बरणीत नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या. पहिल्या इमारतीपासून एकेक सदनिका पुकारायची आणि चिठ्ठी काढायची.

चिठ्ठी कुणी काढायची? साहेब उठून म्हणाले, “ज्या आजींना दिसत नाही त्यांच्याच हातानं काढू. म्हणजे कुणाच्या मनात शंका नको.” लोकांना ते फार आवडलं. टाळ्या पडल्या. मावशीला हाताला धरून पुढं आणलं आणि माझ्या टेबलाशी बरणीसमोर बसवलं. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. चेहऱ्यावर लाज आणि अभिमान दोन्ही होते. एवढ्या लोकांनी तिच्यासाठी टाळ्या कधी वाजवल्या नसतील.

ती चिठ्ठी काढून माझ्या हातात द्यायची. मी उघडून नाव वाचायचो आणि रजिस्टरात लिहायचो. पहिली चिठ्ठी देताना ती माझ्याकडं झुकली आणि हळूच विचारलं, “तिची हाय का?”

“नाही.”

दुसऱ्या वेळी तिनं बरणीत हात घालून चांगला ढवळला. एकेक घडी बोटांनी चाचपली, ज्वारीच्या पिठातला खडा शोधावा तशी. “तिची?”

“नाही.”

पहिली इमारत भरत गेली. प्रत्येक चिठ्ठीला ती विचारायची आणि मी नाही म्हणायचो. समोर चौथ्या रांगेत शेजारीण बसली होती. तिचा खणखणीत आवाज त्या दिवशी कुठं गेला होता कोण जाणे, ती पदर तोंडाला लावून नुसती मावशीच्या हाताकडं बघत होती. पहिली इमारत संपली. मी दुसरी पुकारली तेव्हा मावशीचा हात बरणीत क्षणभर थांबला. पहिली संपली हे तिला कळलं होतं.

ती चिठ्ठी निघाली तिसऱ्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. या वेळी मावशीनं विचारलं नाही, कारण आता विचारून उपयोग नव्हता. मी नाव वाचलं. माझा आवाज मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. मावशीनं बरणी चाचपली, हात घातला आणि पुढची चिठ्ठी काढून दिली. उरलेल्या सगळ्या तिनं काढल्या. तिच्यावर सोपवलेलं काम तिनं शेवटपर्यंत नीट केलं.

नंतर शेजारणीनं अदलाबदलीचा अर्ज द्यायचा म्हटला. तो मी लगेच लिहून दिला, सुंदर अक्षरात, दोन प्रतींत. वाटप झाल्यावर अदलाबदल नियमात बसत नव्हती, हे लिहिताना मला माहीत होतं. तो अर्ज फेटाळल्याचं पत्रही मीच टाईप केलं.

घरं चांगली होती. छत गळत नव्हतं, नळाला पाणी होतं, संडास आत होता. मावशी पहिले काही दिवस भिंतीवरून हात फिरवत घरभर हिंडायची. शेजारीण सकाळ-संध्याकाळ तीन जिने उतरून यायची, पण तिचे गुडघे धड नव्हते आणि भाकरीचं गिऱ्हाईक बायपास ओलांडून येईना. मग तिनं गावातल्या एका वसतिगृहात स्वयंपाकाचं काम धरलं. अंधार असताना जायची, दिवे लागल्यावर यायची, आणि वर चढून गेली की पुन्हा उतरायची नाही. मावशीनं एकटीनं भाजून बघितलं. तव्याचा अंदाज चुकला आणि तळहात पोळला. त्यानंतर चूल बंद झाली. पीठ मळायची तिला इतकी सवय होती की ती रिकाम्या मांडीवर हात फिरवत बसायची. ते बघवत नसे.

मी जात राहिलो. आठवड्यातून दोन-तीनदा, बाजारातून भाकरी बांधून घेऊन. दोघांनी समोरासमोर बसून खायचं. आजूबाजूची दारं बंद, आत टीव्हीचे आवाज. इथं मात्र आम्हा दोघांचे चावल्याचे आवाज ऐकू यायचे. जेवण होता होता ती एकदा तरी म्हणायची, “तुमी बोल्ले आसताल, भाऊ. तुमचं चाललं न्हाई, त्याला तुमी काय करताल?”

ती मला न मागता माफ करून टाकायची आणि मी ते घेऊन खोलीवर यायचो. पुन्हा दोन दिवसांनी ते ऐकायला जायचो. मावशीसाठी जातो असं मी स्वतःला सांगायचो, पण ते तितकंसं खरं नव्हतं.

निवृत्तीचा दिवस आला. सभागृहातच कार्यक्रम झाला. शाल, नारळ, फोटो. साहेब चांगलं बोलले. म्हणाले, “यांनी इतक्या वर्षांत कधी कुणाविरुद्ध अवाक्षर काढलं नाही.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मुलगी नांदेडहून आली होती, तीही वाजवत होती. मला मान वर करता येईना. लोकांना वाटलं, भरून आलं असेल.

मुलीला बसमध्ये बसवून मी शाल आणि नारळ घेऊन तसाच रिक्षानं बायपासपलीकडं गेलो. मावशी दारातच बसली होती. शाल तिच्या अंगावर घातली, नारळ हातात दिला. आणि बसायच्या आत म्हणालो, “मावशी, मी बोललो नव्हतो.”

मग सगळं सांगितलं. वाक्य लिहिलं होतं, साहेबांनी ते कुणाचं म्हणून विचारलं, अर्ज आणा म्हणाले, तुमचं म्हणणं सांगा म्हणाले, आणि मी काय उत्तर दिलं. आठ दिवस हातात होते तेही सांगितलं. मला वाटतं, मी एका दमात इतकं कधीच बोललो नव्हतो.

ती ऐकत होती. नारळ मांडीवर होता.

“म्हंजे सायेब आर्ज द्या म्हनला व्हता.”

“हो.”

“आन् तुमी रोज येऊन जेवून जायचे.”

“हो.”

तिनं अंगावरची शाल काढली. मला वाटलं, फेकेल. तिनं चाचपत तिची नीट घडी केली आणि शेजारी ठेवली. मी निघू की बसू ते मला कळेना. समोरच्या इमारतीत वर कुठंतरी एक दार वाजलं आणि तिनं त्या बाजूला कान दिला. शेजारणीचं नव्हतं. तिची यायची वेळ झाली नव्हती.

“तवा तोंड उघडलं आसतं तुमी,” ती म्हणाली, “तर आज मला दिस-दिस तुमची वाट बघाय लागली नसती.”

आवाज चढलेला नव्हता. शेजारणीवर करपलेल्या भाकरीसाठी याच्या दसपट चढायचा. मी तिथंच उभा राहिलो. तिनं मला दोन शिव्या द्याव्यात, पुन्हा दारात येऊ नको म्हणावं, असं मला मनापासून वाटत होतं. मी त्याची वाट बघत होतो.

मी चपला घातल्या तेव्हा तिनं विचारलं, “आता लातूरलाच जाताल न्हाई? परत कवा येताल?”

तिला माझ्यावर रागवायचीसुद्धा सोय राहिलेली नव्हती. ती मी काढून घेतली होती.

“शनिवारी,” मी म्हणालो.

“सकाळच्या गाडीनं या,” ती म्हणाली. “सकाळ सरता सरत न्हाई.”